पर्याय नसेल तर दीड

भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइडचे दोन आकडे आहेत. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी स्वीकारार्ह. दुसरा स्रोतच नसेल, तर दीड मिलिग्रॅमही चालेल. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात एकाच हातपंपावर जगणाऱ्या गावाची हाडं निसर्गानं जरा जास्त सोशिक घडवली आहेत. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत ते यायचं राहून गेलंय, एवढंच. दीडचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचाही आहे, असं जाणकार सांगतील. आहेच. पण देशाची मर्यादा ठरवताना तिथले लोक पाणी किती पितात ते बघा, असंही तीच संघटना सांगते. आणि मे महिन्यात विदर्भाच्या रानात राबणारा माणूस जिनिव्हातल्या माणसाच्या मापानं पाणी पीत नाही.

नायट्रेटच्या बाबतीत मात्र मानक करारी आहे: ४५ मिलिग्रॅम, सवलत शून्य. भूजलानं ते वाचलेलं दिसत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले सुमारे ३६ टक्के नमुने या रेषेच्या वर निघाले. पिकाला पुरून उरलेला युरिया विहिरीत उतरतो आणि पाणी उकळलं तर नायट्रेट आणखीच दाट होतं. तरी कुणाचं काही अडत नाही, कारण सार्वजनिक नळयोजनांना हे मानक ऐच्छिक आहे. बाटलीचं तसं नाही. २००३ साली बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं सापडल्याचा गवगवा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून त्यांच्यावर कडक मर्यादा लागूही झाल्या. गिऱ्हाईक असण्याचे असे फायदे असतात. नागरिकानं धीर धरावा. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी राजधान्यांच्या नळाच्या पाण्याचे निकाल जाहीर केले. मुंबई पहिली आली, दिल्ली नापास झाली. मानक सक्तीचं करा, असं ते म्हणाले. वाद रंगला तो नमुने कुणाच्या घरून घेतले यावर.

पाणीपट्टी वसूल होता होत नाही अशा ग्रामपंचायतीला कोर्टात खेचणार का, हा आक्षेप खरा आहे. पण सक्ती म्हणजे सरपंचाला बेड्या नव्हेत. अमेरिकेच्या सुरक्षित पेयजल कायद्यात ऐपत नसलेल्या योजनांना मुदतवाढ मिळते. फक्त तिला शेवट असतो, आणि पाण्यात काय निघालं हे लोकांना कळवावं लागतं. कायद्यानं पाणी आपोआप शुद्ध होत नाही, हेही मान्य. पण मर्यादा ओलांडणं हा कुणाचाच कसूर नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल ही नुसती माहिती उरते, आणि माहितीला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसतं. जोखमीच्या गावांना लाल कार्ड देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. मैदानात ते दाखवलं की खेळाडू बाहेर जातो. इथे त्यात मुख्यतः जंतूंचा धोका मोजलेला असतो, त्यावर टीसीएल पावडरचा उतारा पडतो, कार्ड हिरवं होतं, आणि फ्लोराइड पंपातून येतच राहतं.