वाळूत गाडी घालणाऱ्या पाहुण्यास

महाशय,

तुमची तयारी गाडीच्या टपावर दिसतच होती. घडीचा तंबू, खुर्च्या, डिझेलचे कॅन, टायरात हवा भरायचा पंप, ड्रोन, शिवाय कॉफीचं यंत्र. एवढं सगळं बांधून करूळ घाट उतरलात आणि तोंडवळी-तळाशीलपर्यंत आलात. भरती-ओहोटीच्या वेळा मात्र पाहिल्या नाहीत. त्या फुकट मिळतात. किनाऱ्यावर कुणालाही विचारलं असतं तरी कळल्या असत्या.

त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण येतं. ओहोटीला पाणी लांब जातं आणि भरतीला तितकंच वर चढतं. संध्याकाळी उघडी पडलेली ओली वाळू तुम्हाला डांबरी रस्ता वाटली. अडवायला आलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही ‘फोर बाय फोर आहे’ असं सुनावलंत. चारही चाकं फिरली, म्हणून चारही रुतली. ओल्या वाळूत चाक जागच्या जागी फिरलं की खालची वाळू पाण्यासकट पातळ होऊन बाजूला सरते आणि गाडी पोटावर बसते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत राहिलात. टायरातली हवा कमी करून पाहायचं तुमच्या डोक्यात आलं नाही.

मग अंधारात वाडीतली माणसं धावली. ‘पाणी चढता हा, पयली पोरांका भायर काढा!’ असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा कुठे तुम्ही मागच्या सीटवरून मुलं उतरवलीत. रापणीचा दोर गाडीला बांधला, पंधरा-वीस जणांनी ओढला, तो तुटला, दुसरा आणला. रापण हे जाळं वाडीतल्या माणसांनी मिळून ओढायचं असतं आणि दोर सगळ्यांच्या मालकीचा असतो. तुम्ही पाचशेची नोट काढलीत. त्यात दोर येत नाही. त्याची किंमत विचारून पूर्ण भरा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी गोष्ट पाण्याची. सकाळी तुम्ही विहिरीवर पाइप मागितलात, गाडी धुवायला. मीठ लगेच धुवायला हवं, हे खरं. खारं पाणी चेसिसच्या सांध्यांत, ब्रेकमध्ये, चाकांच्या बेअरिंगमध्ये, वायरिंगच्या जोडांत शिरतं आणि आतून गंज धरतो. वरचा रंग चकचकीत राहतो, पत्रा खालून जातो. पण तळाशील ही कालावलच्या खाडी आणि समुद्राच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. इथल्या विहिरीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उन्हाळ्यात जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि मग प्यायला पाणी उरत नाही. तुमच्या चेसिससाठी आमची विहीर खारी करायची का? महामार्गावर वॉशिंग सेंटरं आहेत. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवून घ्या, कार्पेट काढून वाळवा, ब्रेक आणि बेअरिंग मेकॅनिककडून उघडून तपासा. हे झाल्याशिवाय घाट चढू नका. उतरताना ब्रेक भाजल्याचा वास वाडीपर्यंत आला होता. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरवर ठेवायची असते, पाय ब्रेकवर नाही.

सगळ्यात जास्त राग तुमच्या चाकोऱ्यांचा आहे. त्या मर्यादवेलीवरून गेल्या आहेत. वारा आणि लाटा वाळू नेतात, ती धरून ठेवायचं काम ही वेल करते. कासवं अंडी घालतात तीही भरतीच्या रेषेच्या वर, तुम्ही शेकोटी पेटवलीत साधारण त्याच उंचीला. सिंधुदुर्गात वायंगणीला, तांबळडेगला गावची माणसं रात्री किनारा फिरतात, ऑलिव्ह रिडलेचं घरटं सापडलं की त्याभोवती जाळी लावतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वरून गाडी गेली तर वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. आली तरी तुमच्या चाकोरीची भिंत त्यांना चढवत नाही. ती चाकोरीतच धडपडत राहतात आणि तोवर कावळे, कुत्रे येतात. हेडलाइटच्या उजेडाने ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. जंगलात वाघाच्या बछड्यांवर गाडी घालायची तुमची हिंमत झाली असती का?

सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा झाला. पाहुणे आम्हाला हवेत, अनेक घरांची चूल त्यांच्यावर चालते. तुम्हीही पुन्हा या. गाडी सुरूच्या बनाअलीकडे रस्त्यावर लावा, पुढे चालत जा. शेकोटी सुरूखाली नको, ती वाळकी पानं क्षणात पेट घेतात. तंबू ठोकायला घरमालकाला विचारून वाडीत जागा घ्या, आणि तीही माडाखाली नको. वाळलेली झावळ रात्री सांगून पडत नाही. रिकाम्या बाटल्या मी गोणीत भरून ठेवल्या आहेत, त्या घेऊन जा.

आपला,
तळाशीलचा एक रहिवासी