अल्फाराव आणि तिसरी सीडी

आमच्या मजल्यावर शांतता हवी असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. शेजारच्या अल्फारावांसमोर 'दुसरा भाग' हे शब्द काढायचे नाहीत. मग तो सिनेमाचा असो, कादंबरीचा असो, नाहीतर रस्ता खोदण्याचा असो. मागे सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी नुसतं म्हणाले, "आता अहवालाचा दुसरा भाग वाचतो." अल्फाराव ताडकन उठले. "पहिल्याशी तुलना करू नका, आधीच सांगतो. दोघांची जातकुळीच वेगळी आहे!" विषय पाण्याच्या टाकीचा चालला होता.

त्यांचं खरं नाव खाली जिन्यातल्या पाटीवर आहे. पण ते वाचायला पोस्टमनशिवाय कोणी थांबत नाही. 'अल्फाराव' हे नाव आलं ते 'फ्रीस्पेस' या व्हिडिओ गेममधून. अंतराळात लढाऊ विमानं उडवायची, समोर येईल ते फोडायचं, असा हा खेळ. त्यात सेनापतींना नावं आहेत, जहाजांना नावं आहेत, शत्रूच्या बॉम्बफेक्या विमानांनासुद्धा नावं आहेत. नाव नाही ते फक्त खेळणाऱ्याला. पहिल्या तुकडीचा पहिला वैमानिक म्हणून त्याला सगळे 'अल्फा वन' म्हणतात. हे बिननावाचं असणं अल्फारावांच्या काळजाला भिडलं. "घरात मला 'अहो' म्हणतात, ऑफिसात 'अरे' म्हणतात आणि लोकलमध्ये 'सरका' म्हणतात," ते एकदा मला म्हणाले. "नीट हाक मारणारं कोणीतरी भेटलं ते तिथे. तेही अंतराळात, आणि मरायला पाठवताना."

पहिला भाग १९९८ सालचा. अमेरिकेतल्या व्होलिशन या कंपनीने तो बनवला आणि इंटरप्लेने बाजारात आणला. त्याचं अमेरिकेतलं पूर्ण नाव 'डिसेंट: फ्रीस्पेस – द ग्रेट वॉर'. 'डिसेंट' ही त्याच मंडळींच्या जुन्या कंपनीची गाजलेली मालिका. तिचा आणि या कथेचा काडीचा संबंध नाही. पण 'फ्रीस्पेस' नावाचं, हार्डडिस्कवरची जागा वाचवणारं एक सॉफ्टवेअर आधीच बाजारात होतं, म्हणून भांडण नको, तर पुढे 'डिसेंट' लावून टाकलं. "पोराला शाळेत घालताना मामाचं आडनाव लावावं तसं," असं अल्फाराव समजावून सांगतात. वर पुस्ती जोडतात, "दुसऱ्या भागात ते आडनाव काढून टाकलं. तिथूनच घराण्याला उतरती कळा लागली." किंवा, दिवस वेगळा असेल तर, "तिथूनच पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहिलं." दोन्ही मतं त्यांचीच. कोणतं कधी बाहेर येतं, याचंही एक शास्त्र आहे. ते पुढे येईलच.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वीचे लोक आणि वासुदन नावाचे परग्रहवासी चौदा वर्षं एकमेकांशी लढताहेत. अशात तिसरेच कोणीतरी उपटतात आणि दोघांनाही झोडपायला लागतात. त्यांच्या विमानांना ढाल असते, आपल्याला नसते. आपण मारत राहायचं आणि त्यांना काहीच व्हायचं नाही. या तिसऱ्यांचं नाव शिवन. विनाशाची देवता म्हणून थेट आपल्या शंकरावरून ठेवलेलं. घाबरलेले दोन्ही वैरी मग गळ्यात गळे घालतात. शेवटी शिवनांचं ल्युसिफर नावाचं अवाढव्य जहाज फुटतं. पण फुटता फुटता पृथ्वीकडे जाणारी अंतराळातली वाटच, म्हणजे 'सोल नोड', कोसळवून जातं. जिंकलेल्या वैमानिकांना घरी जायला रस्ता नाही. डोंबिवलीच्या माणसाला हा शेवट फार समजावून सांगावा लागत नाही. दर रविवारी मेगाब्लॉकला प्लॅटफॉर्मवर उभे राहून अल्फाराव उसासा टाकतात, "सोल नोड गेला."

या पुराणात त्यांच्या आईंचाही वाटा आहे. आई तेव्हा खेळाच्या खोलीत बसून गहू निवडायच्या. 'चौदा वर्षं' कानावर पडताच त्यांनी हात जोडले. "म्हणजे वनवासच की रे!" पुढे दुसऱ्या भागात शिवनांची नवी जहाजं आली. एका जातीचं नाव 'राक्षस', दुसऱ्या जातीचं 'रावण'. हे आईंना कळलं तेव्हा त्यांनी निवडणं थांबवलं. अल्फारावांना वाटलं, आई आता देवाधर्माच्या विटंबनेवरून चिडणार. आई म्हणाल्या, "बरोबर आहे. रावण शंकराचा भक्तच होता. त्याच्याकडून नाही लढणार तर कोणाकडून लढणार?" आणि जाता जाता त्यांनी निकालही देऊन टाकला. "दुसरा भागच चांगला. वनवास आधी आणि रावण नंतर, असंच असतं." जगभरच्या खेळाडूंनी या दोन भागांवर वर्षानुवर्षं वाद घातले असतील, पण इतका सप्रमाण निवाडा माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

दुसरा भाग आला १९९९ च्या शरदात. परीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, गिऱ्हाइकांनी मात्र पाठ फिरवली. अल्फाराव गिऱ्हाईक होते की नव्हते, हा जरा नाजूक प्रश्न आहे. खेळ तीन सीडींवर होता. त्या तीन सीडी त्यांनी लॅमिंग्टन रोडवर एका माणसाकडून घेतल्या, ज्याचं दुकान म्हणजे एक उलटं खोकं होतं आणि ज्याची एक नजर कायम पोलीस येतोय का याकडे असायची. घरी आणल्यावर दोन सीडी चालल्या. तिसरीवर असे चरे होते की तिच्यावर कोणी खोबरं किसलं असावं. टूथपेस्ट लावून झाली, केळ्याची साल घासून झाली, वहिनींच्या नव्या साडीच्या पदराने पुसून झाली. केळ्याचा परिणाम सीडीवर झाला नाही, साडीवर झाला.

गोष्ट मध्येच थांबली. इथे एखादा साधा माणूस म्हणाला असता, 'मी अर्धवट खेळलो, मला काही म्हणायचं नाही.' पण ज्याला म्हणायचं नसतं तो खेळाडू असतो, जाणकार नव्हे. अल्फारावांनी दोन तृतीयांश खेळावर शंभर टक्के मत दिलं. "फसलाय. पहिल्यात जीव होता. यात नुसता दिवाळीचा झगमगाट."

झगमगाट म्हणजे किरणतोफा. पहिल्या भागात मोठी जहाजं एकमेकांवर ठिपके फेकायची. दुसऱ्यात त्यांनी किलोमीटर लांबून एकमेकांना किरणांनी उभं चिरायला सुरुवात केली. खेळणारा मधल्यामध्ये डासासारखा घोंघावत राहिला. त्यातून दोन पंथ निघाले. पहिलावादी म्हणतात, पहिल्यात आपण राजा होतो, दुसऱ्यात किडा झालो. दुसरावादी म्हणतात, अहो, किडा झालो हीच तर गंमत! युद्धात साध्या शिपायाचं दुसरं काय होतं?

आता ते शास्त्र. अल्फारावांचे कट्टर प्रतिपक्षी म्हणजे कल्याणहून चढणारे एक बँकवाले. सकाळी कल्याणला गाडी रिकामी असते, त्यामुळे ते खिडकीशी बसून येतात. अल्फाराव डोंबिवलीला लोंबकळत चढतात. मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर प्रवास केला आणि माझ्या लक्षात आलं, की बसलेला माणूस नेहमी पहिलावादी असतो. आपण राजा आहोत, सगळं आपल्याभोवती फिरतंय, हे त्याला पटलेलं असतं. ज्याच्या बरगड्यांत दोघांची कोपरं आणि तिसऱ्याची छत्री आहे, त्याला माणूस किडा आहे हे तत्त्वज्ञान लगेच उमगतं. संध्याकाळी अल्फाराव गाडी सुटते तिथून बसून येत आणि बँकवाले मध्ये कुठेतरी घुसत. तेव्हा दोघांची मतं त्याच तिडिकेने उलटी व्हायची. फक्त चौथी सीट मिळाली की अल्फाराव म्हणायचे, "दोन्हींत काही ना काही आहे." चौथ्या सीटवरच्या माणसाचं अर्धं बूड अधांतरी असतं, मतही तेवढंच.

घरी परिस्थिती आणखी बिकट. या खेळात मोहीम चालू असताना मध्येच ती साठवून ठेवायची सोय नाही. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. आणि २००५ च्या सुमारास भारनियमनाचे दिवस होते. अल्फारावांनी वीज जायच्या वेळांचं कोष्टक फ्रिजवर चिकटवलं आणि त्यानुसार अंतराळयुद्धाचं नियोजन केलं. शिवनांच्या हातून ते जितके मेले नसतील तितके ट्रान्सफॉर्मरच्या हातून मेले. खेळात 'माझ्या लक्ष्यावर हल्ला करा', 'माझं रक्षण करा' असे हुकूम सोडता येतात आणि साथीदार ते निमूट पाळतात. याची सवय लागून त्यांनी एकदा वहिनींना स्वयंपाकघरात हुकूम सोडला. वहिनींनी तेवढ्याच निमूटपणे पिशवी हातात दिली आणि दुधाला पाठवलं.

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या भागाची धड प्रत, रीतसर पैसे मोजून, त्यांनी डाउनलोड केली आणि गोष्ट एकदाची पुढे सरकली. त्यात कोलोसस नावाचं महाजहाज आहे. ते बांधायला वीस वर्षं लागली, हे ऐकून डोंबिवलीकर म्हणतो, 'म्हणजे लवकर झालं.' ते शिवनांच्या एका राक्षसी जहाजाला लोळवतं. सगळे टाळ्या वाजवतात. मग तसलीच ऐंशीहून जास्त येतात. "एक खड्डा बुजवला आणि ऐंशी निघाले!" अल्फाराव मांडीवर थाप मारून म्हणाले. शेवटी शिवन एक अख्खा ताराच फोडतात. का फोडतात, ते कोण, त्यांना काय हवं होतं, कशाचाच उलगडा न करता खेळ संपतो.

अल्फाराव बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तिसऱ्या सीडीतही शेवट नव्हताच." लॅमिंग्टन रोडच्या त्या माणसाला त्यांनी इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या. बिचारा निर्दोष निघाला. त्या दिवसापासून ते दुसरावादी झाले. संध्याकाळच्या गाडीतसुद्धा.

उत्तर तिसऱ्या भागात मिळेल, अशी त्यांची समजूत होती. पण व्होलिशन २००० साली टीएचक्यू या दुसऱ्या कंपनीच्या घरात गेली आणि हक्क माहेरी, इंटरप्लेकडे, राहिले. सून इकडे, दागिने तिकडे. २००२ मध्ये खेळाची मूळ संहिता खुली झाली. तेव्हापासून जगभरचे भक्त फुकट राबून जुन्या जहाजांना नवं रंगरूप देताहेत, नव्या मोहिमा रचताहेत. पण त्या झाल्या भक्तांच्या ओव्या. मूळ ग्रंथ थांबलेलाच. २०१३ मध्ये टीएचक्यूच्या दिवाळखोरीत या खेळाचे उरलेसुरले हक्क इंटरप्लेने साडेसात हजार डॉलरला विकत घेतले. अल्फारावांनी कागदावर गुणाकार केला. चार लाख रुपये. "चार लाख!" ते माझ्याकडे धावत आले. "अख्खं विश्व चार लाखांत! एवढ्यात इथे मोटार उभी करायलाही जागा मिळत नाही!" त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचा आकडाही बघितला होता, असं वहिनी सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये व्होलिशन कायमची बंद झाली, तेव्हा अल्फाराव संध्याकाळी चहा नको म्हणाले. आमच्या मजल्यावर याला सुतक म्हणतात.

गेल्या दिवाळीत त्यांचा भाचा आला होता. त्याला मामांनी दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेवर बसवलं. तारा फुटणार आहे, लोकांनी भरलेली जहाजं पळताहेत, तुम्ही त्यांचं रक्षण करायचं. मुदत संपत आली की स्वतःही निसटता येतं. अल्फाराव इतक्या वर्षांत एकदाही निसटले नव्हते. दर वेळी शेवटच्या जहाजापाशी थांबले आणि ताऱ्याबरोबर जळून गेले. पळालेल्याला थोडा वेगळा शेवट दिसतो, हे त्यांना माहीत होतं. पण "पळपुट्यांचा शेवट मी ऐकत नाही" म्हणून त्यांनी कोणाला तो सांगूही दिला नव्हता.

भाच्याने इशारा ऐकला, नकाशा बघितला आणि सरळ वाट धरली.

"अरे, ती जहाजं!" मामा ओरडले.

"मामा, तारा फुटतोय," भाचा म्हणाला आणि निसटला.

पडद्यावर सेनापती बोलू लागला. आणि मग, कधी न ऐकलेली काही वाक्यं आली. अल्फारावांचा हात चकलीच्या डब्यातच राहिला. वर्षानुवर्षं ज्या तिसऱ्या भागाची वाट पाहिली, तो हाच. काही सेकंदांचा, आणि इतकी वर्षं त्यांच्याच टेबलावर पडून असलेला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. वहिनी तर पदर डोळ्यांशी नेण्याच्या बेतात होत्या.

पडदा काळा झाला. अल्फारावांनी चकली बाहेर काढली, तिचा एक तुकडा मोडला आणि सावकाश चावला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण पहिला शेवट भारी होता."