हात नका लावू जी!

जवाहरनगरात कुणाच्या घरी काही बिघडलं की दुकानाआधी काकाजी येतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, ठाणा पेट्रोलपंपाकडे घर बांधलं. पण सायकलचं हँडल अजून कॉलनीकडेच वळतं. असे काकाजी प्रत्येक लाइनीत एकदोन सापडतील. आमच्या वाट्याला आलेले माउसचे स्पेशालिस्ट.

आमचा माउस पिसाळला होता. बाण उजवीकडे न्यावा तर तो वर उडी मारायचा, आणि वर न्यावा तर कोपऱ्यात जाऊन बसायचा. काकाजी आले नि दारातूनच ओरडले, "हात नका लावू जी! सगळे मागं सरा!" जन्म दारूगोळ्यात गेलेला माणूस, गेटवर काडेपेटी काढून ठेवायची सवय असलेला. आम्ही चार पावलं मागे सरलो. मुलगा पाच.

मग त्यांनी माउस उलटा केला आणि पोटात अंगठा घालून गोळी शोधू लागले. गोळीचा माउस जाऊन जमाना झाला. तेव्हा आतल्या रुळांवर मळाचं कडं बसायचं, आणि ते नखानं खरवडताना काकाजींच्या चेहऱ्यावर कान कोरल्याचं सुख दिसायचं. आता खाली नुसता लाल दिवा. "गोळी कोणं काढली?" त्यांनी मुलाकडे पाहिलं.

वातावरण निवळावं म्हणून मी सांगितलं की अमेरिकेत डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४ साली पहिला माउस झाला तो लाकडाचा होता, खाली दोन चाकं.

"मंग तोच बरा होता. रंधा तरी मारता आला असता."

चहा झाला, चिवडा झाला. व्होल्टेज, व्हायरस आणि सुनेनं केलेला पोछा, तिघांवरही ठपका ठेवून झाला. शेवटी स्क्रू हरवू नयेत म्हणून काकाजींनी टेबलाच्या काचेवर जुना पेपर पसरला. माउस खोलला, फुंकला, बंद केला, पेपरवरच सरकवला. बाण सरळ चालला!

खरं तर लाल दिव्याचा माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आपण किती सरकलो ते त्यावरून ताडतो. गुळगुळीत काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही. त्यात आमच्या काचेखाली लेकीच्या लग्नाचे फोटो. कागदाचा खरबरीतपणा मिळाला आणि गडी शुद्धीवर आला. मुलगा हे सांगायला तोंड उघडणार, तोच बायकोनं त्याला चिमटा काढला.

"लोड घेत होता," काकाजी हात पुसत म्हणाले. "आतून मोकळा केला."

तिसऱ्या दिवशी रद्दीवाला आला आणि टेबलावरचा पेपरही गठ्ठ्यात गेला. संध्याकाळी बाण पुन्हा कोपऱ्यात. मी नवा पेपर शोधायला उठलो, तर बायकोनं फोन आधीच लावला होता. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, "हात नका लावू जी, आलोच!"