कोर्सराव

दिल्लीगेटपासून सावेडीच्या प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या जेवढ्या म्हणून पाट्या आहेत, त्यातल्या प्रत्येकीखाली कोर्सराव एकदा तरी उभा राहिलेला आहे. त्याचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. वय बत्तीस. शिक्षण बी.ए. ‘सध्या काय करतोस?’ असं विचारलं की तो म्हणतो, ‘कॉम्प्युटर सपोर्टमध्ये जायचंय. कोर्स बघतोय.’ मी हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या घरात विंडोज सात होतं.

एमएस-सीआयटी त्याने केलेली आहे, पण ती तो मोजत नाही. २००१ साली ती सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ती करणं म्हणजे पोलिओचा डोस घेणं. सगळ्यांनीच घेतलाय, कुणी सांगत फिरत नाही.

त्याच्या खांद्याला एक पिशवी असते. लग्नं जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या पिशवीत पत्रिका असाव्यात, तशी तिच्यात माहितीपत्रकं. आणि एक दोनशे पानी वही. फुकटच्या डेमो लेक्चरला तो कांदेपोह्यांना गेल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून जातो, पहिल्या बाकावर बसतो आणि लेक्चर संपलं की वही उघडतो. तिथून पुढे काउन्सेलर मॅडमचे हाल बघवत नाहीत.

‘लॅबमध्ये मशीन किती? त्यातली चालू किती? एका मशीनवर पोरं किती?’ मॅडम उत्तरं देतात. ‘एसएमपीएस खोलून दाखवणार, का फळ्यावर चित्र काढणार? क्रिंपिंग प्रत्येकाला करायला मिळणार का? आठ वायरींचा क्रम पाठ करून उपयोग नाही मॅडम, टेस्टरवर आठही दिवे लागले पाहिजेत.’ मग शेवटचा बाण. ‘पत्रकावर नोकरीची हमी लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात नोकरीसाठी सहाय्य. यातलं नक्की काय? मागच्या बॅचचे चार जण कुठे लागले ते सांगा, मी त्यांना फोन करतो.’ मॅडम ‘सरांना विचारून सांगते’ म्हणून आत जातात. त्या बाहेर येईपर्यंत दुसरी बॅच भरते.

खरं सांगायचं तर प्रश्न एक नंबर आहेत. कुणाचा पोरगा कोर्सला घालायचा असेल तर बापाने ही वही उसनी न्यावी. आमच्या आळीतल्या एकाने तसंच केलं. वही चाळून त्याने पोराला सरकारी आयटीआयमध्ये ‘कोपा’ला घातलं. दहावीवर प्रवेश, एक वर्षाचा ट्रेड, फी किरकोळ. तो पोरगा आता एका साखर कारखान्यावर आहे. गळीत हंगामात वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर रात्री दोनला झोपला की बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि ड्रायव्हर लोक त्याच्या मातोश्रींची चौकशी करू लागतात. त्या आवाजात तो केबल शोधतो. कोर्सराव त्याच्याबद्दल कौतुकाने बोलतो. फक्त शेवटी जोडतो, ‘घाई केली त्यानं. आयटीआयलाच हार्डवेअर-नेटवर्कचा वेगळा ट्रेड होता, तोही एक वर्षाचा.’

स्वतःचं मात्र दर वेळी काहीतरी आडवं येतं. सिस्कोच्या सीसीएनएमध्ये पूर्वी शाखा होत्या. राउटिंगची वेगळी, सिक्युरिटीची वेगळी, वायरलेसची वेगळी. कोणती घ्यावी याचा त्याने वहीत तक्ता केला होता, गुण-दोषांसह. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सगळ्या शाखा मोडून एकच परीक्षा ठेवली. इतका दुखावला की चार दिवस चहाच्या टपरीवर आला नाही. मग मायक्रोसॉफ्टची एमसीएसई मनात भरली. जानेवारी २०२१ अखेर कंपनीने तीच बंद केली. ‘मी बोट ठेवतो ते बंद पडतं,’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘मग शेअर बाजारात जा, लोक पैसे देऊन तुझा सल्ला घेतील.’ त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

मग आला कॉम्पटिया ए प्लस. सपोर्टच्या नोकरीसाठी जगभर चालतो, कुठल्या एका कंपनीच्या मालाला बांधलेला नाही, हे त्याला पटलं. पण पेपर दोन, आणि फी डॉलरच्या हिशोबातली. झालं! रोज सकाळी पेपरात आधी डॉलरचा भाव. रुपया वधारला की भरतो, असं ठरलं. वर त्या सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षं. ‘आपली दहावीची मार्कशीट मरेपर्यंत चालते राव, आणि हे दुधाच्या पिशवीसारखं?’

२०२३ साली चौंडीला जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, तेव्हा त्याच्याकडे बिनतोड कारण आलं. आत्ता कोर्स केला तर सर्टिफिकेटवर अहमदनगर येणार. उद्या अहिल्यानगर झालं की पुन्हा दुरुस्तीचे हेलपाटे. २०२४ मध्ये नाव पक्कं झालं. तेव्हा तो म्हणाला, आता विंडोज दहाचा सपोर्ट संपायची वाट बघावी, म्हणजे नवाच अभ्यासक्रम मिळेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोही संपला.

या मधल्या काळात माझा कॉम्प्युटर त्याने सहा वेळा उठवलाय. बीप बीप करू लागला तेव्हा रॅम काढून नातवाच्या खोडरबराने तिचे दात पुसले. पतसंस्थेच्या मॅनेजरला फोनवरून ‘आधी मागची पिन बघा, बसलीय का’ हे तो इतक्या मायेने सांगतो की तो माणूस टेबलाखाली रांगायलाही तयार होतो. पैसे विचारले की संकोचतो. ‘कोर्स नाही ना झालेला अजून.’

मागच्या महिन्यात मात्र कमाल झाली. एका क्लासची सगळी उत्तरं वहीत बसली आणि कोर्सराव फी भरायला निघाला. साक्षीदार म्हणून मला नेलं. मॅडमनी नाव टाइप केलं, प्रिंटचं बटण दाबलं. पावती येईना. पुन्हा दाबलं. पुन्हा. सरांनी प्रिंटर बंद करून चालू केला, मग त्याला एक थापही दिली. मागे पाच-सात पालक उभे. कोर्सरावची चुळबूळ सुरू झाली. शेवटी तो ‘बघू का जरा?’ म्हणत काउंटरच्या पलीकडे गेला, स्पूलर थांबवला, अडकलेल्या फाइली उडवल्या, स्पूलर परत चालू केला. मॅडमनी पुन्हा बटण दाबलं आणि दोन मिनिटांत त्याच्या नावाची पावती बाहेर आली. पाठोपाठ रांगेतल्यांच्याही.

सर त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘फी राहू दे. आमच्या लॅबला माणूस पाहिजे. सोमवारपासून येतोस?’

कोर्सरावने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण दातात धरून काढलं आणि विचारलं, ‘त्यासाठी कोणता कोर्स लागतो, सर?’