जुन्या दहाच्या नोटेवरचा वाघ

वाकडच्या पुलाखाली पहाटे जी मंडळी बोचकी सांभाळीत, एकमेकांच्या जांभयांना जांभयांनी उत्तर देत उभी असतात, त्यांतले कोण प्रवासाला निघाले आहेत आणि कोण चाकणच्या पहिल्या पाळीला, हे अंधारात ओळखणे अवघड असते. परंतु ज्या घोळक्याच्या मध्यभागी एक सडसडीत गृहस्थ हाती वही आणि कानावर पेन्सिल घेऊन हजेरी पुकारीत असेल, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या स्वतःच्या पत्नीलाही 'हजर' असे मोठ्याने म्हणावयास लावीत असेल, तो घोळका आमच्या कारभाऱ्यांच्या सहलीचा, असे बेलाशक समजावे. गाडी साडेचारला सुटेल असे फर्मान निघालेले असते. साडेचार याचा अर्थ चार वीस असा करावयाचा असतो, आणि जो तसा करीत नाही त्याच्या नावापुढे वहीत एक बारीकशी फुली पडते, जी पुढच्या सहलीच्या वेळी पुराव्यादाखल काढून दाखविण्यात येते.

सोसायटीच्या दप्तरी त्यांचे नाव काही वेगळे असेलच, पण पहारेकऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत सर्वजण त्यांना कारभारी म्हणतात. वहिनी तर लग्न झाल्या दिवसापासून म्हणत आल्या आहेत, तो भाग निराळा. मूळचे साताऱ्याकडचे. मोटारीच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात, प्रथम भोसरीस आणि मालकांनी नवी जागा घेतल्यावर चाकणला, त्यांनी बत्तीस वर्षे माल-तपासणीच्या खात्यात काढली. चाकाच्या मधोमध जो हब बसतो, ज्याला आपले बैलगाडीवाले तुंबा म्हणत आले, तो ड्रॉइंगबरहुकूम उतरला आहे की नाही हे व्हर्नियर लावून पाहावयाचे आणि नसल्यास निर्दयपणे लाल रंगाच्या पेटीत टाकावयाचे, ही त्यांची चाकरी. असल्या चाकरीने मनुष्याच्या नजरेला एक कायमची खोड लागते. कारभारी कोथिंबिरीच्या जुडीकडे, सुनेने लाटलेल्या पोळीकडे आणि व्यासपीठावरील वक्त्याच्या टायच्या गाठीकडे एकाच दृष्टीने पाहतात. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड वाकडला येते तेव्हा ते हात जोडतात, नाही असे नाही. परंतु आधी त्यांची नजर त्याच्या लाकडी जोडणीवरून एकवार फिरून येते आणि मगच हात जुळतात.

असा मनुष्य २०१७ साली निवृत्त झाला आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने पन्नास रुपयांची नवी निळसर नोट काढली, हा योगायोग आम्हा शेजाऱ्यांना पुढे फार महागात पडला. सकाळी दुधाचे पैसे देताना त्यांनी ती नोट उलटी केली, मागच्या बाजूस हंपीचा दगडी रथ छापलेला पाहिला, आणि दूधवाल्याला तिष्ठत ठेवून ते त्या रथाच्या चाकांकडे बराच वेळ पाहत राहिले. दुपारी माझ्याकडे येऊन ते म्हणाले, "मास्तर, ड्रॉइंग आलंय. जॉब कुठं आहे तो जाऊन बघायला पाहिजे."

येथून पुढे त्यांच्या आयुष्याचे प्रयोजन ठरले. दहाच्या नव्या नोटेवर कोणार्कचे चाक, विसाच्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपी, शंभराच्या जांभळट नोटेवर पाटणची राणीची वाव, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला, असा हा सहा कलमांचा तहनामाच जणू सरकारने त्यांच्या हाती दिला होता. रिझर्व्ह बँकेने नोटा व्यवहारासाठी छापल्या, हे त्यांना मान्य नव्हते असे नाही. पण जी वस्तू कागदावर छापून शंभर कोटी माणसांच्या खिशांत फिरते आहे, ती मुळाबरहुकूम छापली आहे की नाही हे कुणीतरी पडताळून पाहावयास नको काय, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यास माझ्यापाशी आजतागायत उत्तर नाही. पाचाच्या जुन्या नोटेवरचा ट्रॅक्टर त्यांनी मारुंजीलाच उरकून घेतला. दोन हजारांच्या नोटेने मात्र त्यांना काही वर्षे अस्वस्थ केले, कारण तिच्यावर मंगळयान होते. २०२३ च्या मे महिन्यात ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले त्या संध्याकाळी सोसायटीत अनेकांचे चेहरे निरनिराळ्या कारणांनी उतरले होते. एकटे कारभारी बागेत प्रसन्न मुद्रेने फेऱ्या घालीत होते.

हंपीला आम्ही चौदा जण गेलो. विठ्ठलमंदिराच्या प्रांगणात जो तो रथासमोर उभा राहून आपली छायाचित्रे काढवून घेत असता, कारभारी पन्नासची नोट डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, मागे-पुढे सरकत होते. नोटेतला रथ आणि दगडातला रथ एका रेषेत येईपर्यंत ते सरकत राहिले आणि त्या नादात एका कन्नड कुटुंबाच्या डब्यावर बसले. ही चाके एके काळी फिरत असत आणि पुढे झीज होऊ नये म्हणून ती पक्की बसविण्यात आली, असे वाटाड्याने सांगताच त्यांचा चेहरा खिन्न झाला. चाक फिरत नसेल तर ते चाक नव्हे, असा शेरा त्यांनी वहीत मारला. पण पंढरपूरचा विठोबा येथे नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही आख्यायिका ऐकताच त्यांची कळी खुलली. स्वतः जाऊन माल ताब्यात घेणारा मनुष्य त्यांना नेहमीच आवडतो. परतताना वाट वाकडी करून लेपाक्षीला नेले. तेथे जमिनीपासून किंचित अधांतरी राहिलेला एक खांब आहे आणि भाविक त्याच्याखालून पदर, उपरणे, क्वचित वर्तमानपत्र सरकवून धन्य होतात. कारभाऱ्यांनी खिशातून फिलर गेज काढला आणि पोलादाची एकेक पाती घालून फट मोजली. किती भरली ते त्यांनी कुणालाही सांगितले नाही. "असले आकडे बाहेर सांगायचे नसतात," एवढेच म्हणाले.

कोणार्कला ते सुखावले. तेराव्या शतकातल्या त्या सूर्यरथाला चोवीस चाके आहेत, पुरुषाहून उंच, आणि दगडाचीच असूनही कारागिराने त्यांना तुंबा, आरे आणि आस निसटू नये म्हणून खीळसुद्धा कोरली आहे. खिळीवर हात ठेवून ते काही वेळ उभे राहिले. वेरूळला कैलास लेणे वरून खाली कोरीत आणले आहे, म्हणजे एकदा छिन्नी चुकली की गेलेला दगड पुन्हा बसवता येत नाही, हे लक्षात येताच ते तेथल्या पायरीवर बसले आणि पाणी मागून प्याले. बत्तीस वर्षांत त्यांनी इतका बेडर कारखाना पाहिला नव्हता. पाटणची वाव सरस्वतीच्या गाळात शतकानुशतके बुजलेली होती म्हणून तिच्या मूर्ती शाबूत राहिल्या, याला त्यांनी 'पॅकिंग उत्तम' असे प्रशस्तिपत्र दिले. दिल्लीस मात्र थोडी चकमक झडली. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी १७६० साली मराठ्यांनी लुटून नेली, असे तेथील वाटाड्या रंगवून सांगू लागला तेव्हा कारभारी पुढे झाले आणि आपल्या भोसरी वळणाच्या हिंदीत त्याला म्हणाले की, भाऊसाहेबांच्या फौजेचा पगार थकला होता. पगार थकल्यावर छत काढतात त्याला लूट म्हणत नाहीत. आमच्यापैकी ज्यांनी कारखान्यांची टाळेबंदी पाहिली होती त्यांनी माना डोलावल्या.

पण मला कारभारी खऱ्या अर्थाने दिसले ते सांचीला. मोठ्या स्तूपाच्या दक्षिणेकडील तोरणावर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. सातवाहन राजा श्रीसातकर्णी याच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे हे दान, एवढाच त्याचा आशय. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंतकारांनी कोरीवकाम केल्याचीही नोंद आहे. मी हे माझ्या मास्तरकीच्या सवयीने सांगून टाकले आणि पुढे चालू लागलो. मागे पाहतो तो कारभारी जागचे हललेले नाहीत. त्यांनी मला परत बोलावून तो आशय पुन्हा एकदा सांगावयास लावला, शब्दशः, आणि मग डोक्यावरची टोपी काढली.

"म्हणजे मुकादम," ते म्हणाले. "राजाचं नाव मुकादमाची ओळख सांगायला आलंय."

मी होय म्हटले.

"आमच्या हबवर आमचा नुसता शिक्का पडायचा, मास्तर. ओके सत्तावीस. सत्तावीस म्हणजे मी."

एवढे बोलून त्यांनी टोपी पुन्हा चढविली, दोनशेची नोट काढली आणि स्तूपाचा घुमट नोटेत उतरताना चपटा झाला आहे की काय याचा वाद माझ्याशी सुरू केला. त्या दिवशी वहीत सांचीपुढे त्यांनी कोणताही शेरा लिहिला नाही. केवळ शिक्का मारल्यासारखा एक गोल काढून आत २७ हा आकडा घातला, तो मी पाठीमागून पाहिला आहे.

सहाही कलमे उरकल्यावर मनुष्याने स्वस्थ बसावे; परंतु दहाची जुनी नोट, जी अजूनही भाजीवाल्यांच्या गल्ल्यात मळक्या अवस्थेत आढळते, तिच्या पाठीवर गेंडा, हत्ती आणि वाघ अशी तीन मुखे आहेत, हे कुणा द्वाड पोराने त्यांच्या नजरेस आणून दिले आणि आमच्या माथी अरण्यवास आला. काझीरंग्याला पहिल्या अर्ध्या तासात गेंडा समोर उभा ठाकला. हत्तीसाठी तर जंगलातही जावे लागले नाही. थोरल्या सुनेचे माहेर दोडामार्ग तालुक्यातले, तेथे २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरू लागले आणि आजही बागायतदारांची झोप उडवीत असतात. एका रात्री व्याह्यांच्या केळी हत्तीने भुईसपाट केल्या तेव्हा कारभारी पाहुणे म्हणून तेथेच मुक्कामाला होते. व्याही कपाळाला हात लावून बसले असता ह्यांनी पडवीत कंदिलाच्या उजेडात वही उघडून हत्तीपुढे टिचकी मारली, हे व्याह्यांनी पाहिले. तेव्हापासून दिवाळीचा फराळ टपालाने येतो.

उरला वाघ.

ताडोबा-अंधारीच्या मोहर्ली दरवाजाने कारभारी आजवर चार वेळा आत गेले. मंगळवारी जंगल बंद असते येथपासून ते गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही येथपर्यंत सर्व नियम त्यांना मुखोद्गत आहेत आणि ते त्यांना मनापासून पसंत आहेत. पूर्वी पाऊलखुणांवरून वाघ मोजीत. २००६ पासून कॅमेरे लावून पट्ट्यांवरून ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. प्रत्येक नगावर स्वतंत्र क्रमांक, हे ऐकून वाघाविषयी त्यांचा आदर दुणावला. २०२२ च्या गणतीत देशातील वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला, त्यातला एक नग आपल्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची कैफियत आहे. तिसऱ्या खेपेला तर रस्त्यावर ताजा ठसा मिळाला. जिप्सीतून उतरण्यास मनाई असल्याने कारभारी कमरेतून वाकून, स्टीलची पट्टी हवेत ठशावर धरून, 'मागचा डावा' असे वहीत लिहीत असता गाडीच्या दुसऱ्या बाजूने वाघीण सावकाश रस्ता ओलांडून बांबूत गेली. आम्ही पाच जणांनी ती पाहिली. श्वास रोखलेला असल्यामुळे कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. सायंकाळी मी भीत भीत सुचविले की, पाच जणांची साक्ष आहे, वाघापुढे टिचकी मारावी. "ऐकीव माल मी कधी आत घेतला नाही," असे म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

आता २०२२ च्या मार्चमधली गोष्ट सांगतो. कारभारी मोहर्लीला होते. इकडे चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. कामगार बाहेर, बिबट्या आत, असा काही तास प्रकार झाला आणि अखेरीस वनखात्याने व जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्यांच्या निवारा केंद्राच्या मंडळींनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेले. ज्या चाकणला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाला जवळजवळ दोन महिने संग्रामदुर्गाबाहेर थोपवून धरले, त्या चाकणात हा पठ्ठ्या एका रात्रीत दाखल झाला. जंगलातून बाहेर पडून कारभाऱ्यांनी मोबाईल हाती घेतला तेव्हा त्यावर जुन्या सहकाऱ्यांचे एकोणीस निरोप पडलेले होते. आठशे किलोमीटर जाऊन ज्यांना शेपूट दिसले नाही, त्यांच्या जुन्या कारखान्याच्या पंचक्रोशीत श्वापद स्वतः चालत आले होते. मला वाटले, आता हे कोसळतात. ते प्रथम एवढेच म्हणाले, "गेटपास कुणी दिला?" आणि थोड्या वेळाने, "शिवाय बिबट्या नोटेवर नाही."

तेव्हा कळविण्यास हरकत नाही की, येत्या माघात मोहर्लीची पाचवी सहल ठरली आहे. मंगळवार टाळला आहे. सतरा आसनांपैकी दोन अद्याप रिकामी आहेत. येणाऱ्यांनी खाकी अगर मातकट कपडे घालावेत, आणि घरात जुनी दहाची नोट असल्यास अवश्य आणावी, कारण कारभाऱ्यांची वाघापाशीच घडीवर फाटत आली आहे. गाडी वाकडच्या पुलाखालून साडेचारला सुटेल. म्हणजे चार वीसला.