कोरमअभावी शौर्य

'हाय नून' (1952) वेस्टर्नपट म्हणून गाजला, पण त्यातल्या बंदुका चालतात त्या शेवटी शेवटी, तोवर नायक नुसता दारोदार फिरतो. मार्शल विल केन, म्हणजे गॅरी कूपर, याचं नुकतंच लग्न लागलंय आणि त्यानं तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारी बाराच्या गाडीनं सूड घ्यायला येतोय. केनला हवी आहेत माणसं. हॅडलीव्हिल गावाकडे आहेत कारणं. सत्तर वर्षं उलटूनही हा सिनेमा टिकलाय तो त्या कारणांच्या जोरावर, असं माझं मत आहे. पिस्तुलं काय, कुठल्याही वेस्टर्नमध्ये मिळतात. पण इथले न्यायाधीश महाशय झेंडा आणि न्यायाचा तराजू खोगिराच्या पिशवीत भरून घोड्यावर बसतात. दुय्यम अधिकारी हार्वीला मार्शलपद मिळालं नाही याचा राग आहे, माजी मार्शलना संधिवात आहे, आणि मित्र सॅम घरात बसूनच बायकोकरवी 'घरी नाहीत' असं कळवतो. हॉटेलातल्या कारकुनाच्या मते तर मिलर होता तेव्हा धंदा बरा चालायचा! पण सगळ्यांवर कडी नगराध्यक्ष हेंडरसनची. चर्चमध्ये भरसभेत तो केनची तोंडभरून स्तुती करतो आणि त्याच दमात त्याला गाव सोडायला सांगतो, कारण गोळीबार झाला तर उत्तरेकडचे गुंतवणूकदार बिचकतील. गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद भोगलेल्या माणसाला इथं घाम फुटावा; सभेत आपलं कौतुक सुरू झालं की काम एकट्यालाच करायचंय हे त्याला पुरतं ठाऊक असतं. आपण होऊन पुढे येतात ते एक चौदा वर्षांचा पोरगा आणि एक डोळा गमावलेला दारुडा.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हे साफ नामंजूर होतं. चांगला पोलीस असा मदत मागत हिंडत नाही, हा त्याचा आक्षेप. अभिनेता जॉन वेनलाही पुढे हा सिनेमा अमेरिकेला न शोभणारा वाटला. (कूपरच्या गैरहजेरीत त्याचं ऑस्कर स्वीकारायला मात्र वेनच मंचावर गेला होता.) दोघांनी मिळून 1959 मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढून उत्तर दिलं. त्यात शेरीफ वेन मदत नको म्हणतो, तरी दारुडा, लंगडा म्हातारा, तरुण नेमबाज, जुगारी बाई आणि हॉटेलमालक असे सगळे धावून येतात. सिनेमा फक्कड आहे, वाद नाही. पण माणसं त्यालाही लागलीच की! फरक एवढाच की ती न मागता आली, आणि असं गाव नकाशावर कुठं असतं ते हॉक्स सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा सिनेमा म्हणजे त्याच्या काळापुरतं रूपक. लेखक कार्ल फोरमन तेव्हा कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या संसदीय चौकशीत सापडला होता आणि अंग चोरणारे सहकारी त्यानं जवळून पाहिले होते. मग ती चौकशी इतिहासजमा झाल्यावर हे रूपकही शिळं व्हायला हवं होतं. पण 1989 मध्ये पोलंडच्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेनं 4 जूनच्या निवडणुकीसाठी भित्तिपत्रकावर उभा केला तो कूपरच, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका घेतलेला. म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून छळलेल्या लेखकाचा नायक कम्युनिस्ट सरकारविरुद्ध प्रचाराला लागला! अवघ्या 85 मिनिटांचा सिनेमा आहे. जरूर पाहा, आणि आपलं ठेवणीतलं कारण त्यात कोणाच्या तोंडी आहे तेही शोधून ठेवा, बहुतेक सापडेलच.