कमी पडायला नको

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक गृहस्थ असे असतात की कुठलंही कार्य निघालं की आकडा त्यांना विचारावा लागतो. नाही विचारला तरी ते सांगतात. दौंडला त्यांना आप्पा म्हणतात. भीमा ओलांडून शिरूरला गेलात तर तेच तुम्हाला अण्णा या नावानं भेटतील. बाकी फरक नाही. पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं, आणि तोंडात एकच वाक्य: "कमी पडाया नको."

या एका वाक्यावर आप्पांनी हयात काढली. हजार पत्रिका वाटल्या तर दोन हजारांचा स्वयंपाक. सप्त्याच्या काल्याला बुंदी किती पाडायची, दहाव्याला किती माणूस येईल, देवाच्या जत्रेला तमाशाच्या फडापुढं किती गाव बसेल, सगळं आप्पाच सांगणार. उरलं तर उरलं, रात्री भावकीत वाटता येतं. पण शेवटच्या पंगतीला आमटीत पाणी वाढलं तर सोयरे तीन पिढ्या ऐकवतात. आप्पांचं हे गणित खोटं आहे असं कुणी म्हणू नये. अन्नाच्या बाबतीत ते आपल्या मुलखाचं शहाणपण आहे. घोटाळा झाला तो हेच गणित फुटबॉलच्या स्टेडियमला लागलं तेव्हा.

दौंड हे रेल्वेचं गाव. जंक्शन, रेल्वे कॉलनी, जुनी अँग्लो-इंडियन वस्ती, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, त्यामुळं सकाळी उठून पळणारी माणसं इथं कायम दिसतात. फुटबॉल खेळणारी पोरंही आहेत. त्यांनी एक क्लब काढला. अकरा जण जमायची मारामार, गोलकीपरची नाइट ड्यूटी लागली की समोरच्या संघाकडून एक उसना घ्यायचा. पोरांनी गावापुढं मागणं मांडलं ते एवढंच: मैदानाला पाणी मारायला नळ, गोलाला जाळी, आणि कपडे बदलायला आतून कडी असलेली एक खोली.

आप्पांनी ते ऐकलं आणि विचारलं, "पण माणसं किती बसणार?"

झालं. नळ, जाळी आणि कडी तिथंच राहिली. बैठक बसली ती आसनक्षमतेवर. शिरूरकरही आले, कारण दौंडला काही होतंय आणि आपल्याला निरोप नाही, हे घोडनदीचं पाणी प्यालेल्या माणसाला सोसत नाही. त्यांच्या अण्णांनी बसल्या बसल्याच मुद्दा मांडला की शिरूरला इंग्रजांची छावणी होती, घोडदळ होतं, तेव्हा चेंडू पहिल्यांदा तिथंच लाथाडला गेला असणार. पुरावा? "छावणी व्हती का नाय? मग!" यावर दौंडचे आप्पा म्हणाले, चेंडू जिथं लाथाडला असंल तिथं असंल, आला तर रेल्वेनंच ना.

मग आकडे फुटू लागले. अण्णांनी पंधरा हजार म्हटलं. आप्पांनी वीस. अण्णा पंचवीसवर गेले. लिलावात बैलाची किंमत चढावी तसा आकडा चढत चाळीस हजारांवर जाऊन थांबला, तोही चहा आला म्हणून. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आत होती आणि दौंडची ५० हजारांच्या आत. म्हणजे शिरूरनं घरांना कुलपं लावून, पाळण्यातल्या लेकरांसकट येऊन बसायचं, तरी काही खुर्च्या दौंडकरांना राहतील, अशी ती सोय होती.

आप्पांकडं याला उत्तर होतं. "बैलगाड्याच्या घाटाला माणूस मावत नाय. मग ह्याला का येणार नाय?" शर्यतीला खरोखरच माणूस मावत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये शर्यतींना मान्यता कायम ठेवली त्या दिवशी या भागात गुलालाचा तुटवडा झाला असेल तर नवल नाही. पण घाटाला खुर्ची कुठं असते? लोक बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बाभळीवर, जमेल तिथं बसतात. आधी बारी, मग गर्दी, मग जमलंच तर गॅलरी. आप्पांचा क्रम उलटा. आधी गॅलरी.

आणि आप्पा अडाणी मुळीच नाहीत. मोबाइलवर सगळं पाहतात. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १९९७ साली मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्याला १,३१,७८१ माणूस होतं, हा आकडा त्यांना स्वतःच्या गट नंबरासारखा पाठ. त्याच स्टेडियमची क्षमता पुढं २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी जवळजवळ निम्म्यावर आणली, हे त्यांना सांगितलं की त्यांना ऐकू कमी येतं. वानखेडेचं उदाहरण मात्र त्यांना मनापासून आवडतं. ब्रेबॉर्न स्टेडियमवर क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांच्या वाट्यावरून वाजलं, आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानं हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं, १९७५ मध्ये कसोटीही झाली. आप्पांच्या मते हा इतिहास म्हणजे मानपानावरून रुसलेल्या वरपक्षानं शेजारीच दुसरा मांडव घालणं. त्यात चूक ते काय! तेच वानखेडे २०११ च्या विश्वचषकासाठी नव्यानं बांधलं तेव्हा खुर्च्या कमी करून ३३ हजारांवर आणल्या, हे पुन्हा ऐकू आलं नाही.

बैठकीत कोपऱ्यात एक मंडपवाला बसला होता. या मंडळींचं मत कुणी विचारत नाही, पण गर्दी कळते ती त्यांनाच, कारण कार्यक्रम उठल्यावर खुर्च्या तेच मोजतात. तो म्हणाला, "आप्पा, मैदान एकशे पाच मीटर लांब, अडुसष्ट रुंद. म्हणजे एकाहत्तर गुंठे."

गुंठ्यात सांगितल्याबरोबर सभा जागी झाली. एकाहत्तर गुंठे म्हणजे पावणेदोन एकर. सातबारा कुणाचा, पाणी कालव्याचं की विहिरीचं, ऊस किती निघाला असता, यावर चांगला पाऊण तास गेला. फुटबॉलवर एवढी आस्थेनं चर्चा त्या दिवशी दुसरी झाली नाही.

मग तो पुढं बोलला. एका माणसाला अर्धा मीटर धरा. लांब बाजूला एका पायरीवर दोनशे दहा माणूस बसतं. पाच पायऱ्या बांधल्या की हजार झालं. चाळीस हजारांना चारी बाजूंनी चाळीसेक पायऱ्या लागतील, म्हणजे वरचा माणूस पाचमजली बिल्डिंगच्या गच्चीवर. तिथनं मॅच कमी आणि जंक्शनात लागलेली गाडी जास्त दिसायची. शिवाय तालुका क्रीडा संकुलाला सरकार देऊन देऊन पाच कोटी देणार. खुर्चीमागं साडेबाराशे रुपये पडले. तेवढ्यात हातवाली प्लॅस्टिकची खुर्ची येते, तिच्याखालचं सिमेंट येत नाही.

आणि मग त्यानं धंद्यातली गोष्ट सांगितली, जी पुढाऱ्यांच्या सभा लावून लावून त्याला कळली होती: हजार माणूस येणार असेल तर खुर्च्या आठशे मांडायच्या. दोनशे माणूस उभं राहिलं की सभा तुफान झाली म्हणतात. बाराशे मांडल्या तर त्याच हजार माणसांची सभा पडली म्हणून पेपरात फोटो येतो.

इटलीतल्या युव्हेंटस या क्लबला हे कळायला वीस वर्षं लागली. १९९० च्या विश्वचषकासाठी तूरिन शहरात ६९ हजारांचं डेल्ले आल्पी स्टेडियम बांधलं. प्रेक्षक आणि मैदान यांच्यात पळण्याचा ट्रॅक, खेळाडू मुंग्यांएवढे. एका कप सामन्याला तर २३७ प्रेक्षक आल्याची नोंद आहे. आप्पांच्या घरच्या साखरपुड्याला यापेक्षा जास्त माणूस असतं. शेवटी ते पाडलं आणि त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं बांधलं. इंग्लंडच्या डार्लिंग्टनमधले जॉर्ज रेनॉल्ड्स तर आप्पांचे सख्खे मावसभाऊच शोभले असते. तरुणपणी तिजोऱ्या फोडून तुरुंगात गेलेले, पुढं स्वयंपाकाच्या ओट्याचे तक्ते विकून गब्बर झालेले हे गृहस्थ. दोन-चार हजार प्रेक्षकांच्या क्लबाला त्यांनी २००३ साली २५ हजारांचं स्टेडियम बांधून दिलं. वर्ष संपायच्या आत क्लबाचं दिवाळं वाजायची पाळी आली.

हे ऐकून आप्पा हळहळले. "त्येला माणसं जमवता आली नाय. आपल्याकडं माणसाला काय तोटा?"

तोटा आहे, आणि तो इथून दीड-दोन तासांवर दिसतो. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी मोठं क्रीडानगर झालं. तिथं पुणे एफसी खेळली, बंद झाली. मग एफसी पुणे सिटी खेळली, तीही २०१९ मध्ये बंद झाली. स्टेडियम जागेवर आहे. उलट कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियमकडं अख्ख्या पेठा निघतात, कारण मैदानावरचं पोरगं आपल्या गल्लीतलं असतं आणि ते हरलं तर उद्या दूध आणायला जायची चोरी. कोल्हापूरकरांनी आधी तालमी काढल्या, भांडणं जोपासली, आणि मग खुर्च्यांची काळजी केली. माझं स्वतःचं मत असं की दौंड-शिरूरकडं यातली भांडणं तयार आहेत. एवढ्या भांडवलावर दरवर्षी दोन सामने सहज होतील.

बैठक मात्र खरी अडली ती पुढंच. दौंड तालुका बारामती लोकसभेत, शिरूर तालुका शिरूर लोकसभेत. म्हणजे खासदार दोन, आमदार दोन, आणि त्या प्रत्येकाच्या मागं असतील तितके. सामान्य प्रेक्षकांच्या चाळीस हजार जागा चहाच्या कपाबरोबर मंजूर झाल्या होत्या, पण पहिल्या रांगेतले सोफे किती आणि मधला कुणाचा, यावर रात्रीचे दहा वाजले. मैदान भीमेच्या अलीकडं की पलीकडं, हा विषय पुढच्या बैठकीवर टाकला. पारगावच्या पुलावर मध्यरेषा आखावी, अशी एक सूचना आली. ती गंमत म्हणून केली होती, पण आप्पांनी वहीत लिहून घेतली.

बाहेर पोरं मोबाइलच्या उजेडात सामान गोळा करत होती. जाळी नसल्यामुळं त्या दिवशीचे दोन गोल झाले की बाजूनं गेले, याचा वाद अजून मिटला नव्हता.

आपल्या गावात असा क्लब असेल आणि असे आप्पा असतील, आणि असणारच, तर त्यांच्याशी आकड्यावरून वाद घालू नका. माणूस मनानं मोठा आहे, त्याला कुणी उपाशी उठलेलं बघवत नाही. नळ, जाळी, आतून कडी, पोरींसाठी वेगळी खोली आणि एका बाजूला पाच पायऱ्या, एवढं कागदावर घ्या. फक्त वर ठळक अक्षरात "पहिला टप्पा" लिहा. आप्पा तिथल्या तिथं सही करतील. त्यांच्या खिशातलं कुठलं पेन चालतं, तेवढं मात्र आधी बघून घ्या.